तिसऱ्या घोरपडीचं दार

पोस्टरवर आठ गाड्या होत्या आणि मला त्यांतल्या एकूण एक गाडीचा राग येत होता.

आमच्या गावाबाहेरच्या कारखान्यात डोंगरातून, चिखलातून, नदीच्या पात्रातून चालणारी एक गाडी बनते. कंपनीने तिला काहीतरी आकड्यांचं नाव दिलंय, पण ते कोणी घेत नाही. सगळे तिला घोरपड म्हणतात, कारण ती चढाला एकदा चिकटली की सुटत नाही. या घोरपडीला साठ वर्षं झाली म्हणून कंपनीला एक मोठं पोस्टर हवं होतं. पहिल्या मॉडेलपासून आठव्यापर्यंत सगळ्या घोरपडी एका ओळीत, एकाच मापात, बाजूने दिसणाऱ्या. बघणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे, काय होती आणि काय झाली. काम आमच्याकडे आलं. आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे.

स्टुडिओ माझ्या मोठ्या दिरांचा. भाऊजी तरुणपणी शिडीवर चढून भिंतीएवढे फलक रंगवायचे. मग कॉम्प्युटर आले, शिडी गेली, आणि मी या घरात आले. चित्रकलेची पदवी असलेली भावजय मिळाली म्हणून सगळ्यांनी माझं केवढं कौतुक केलं होतं. मला वाटलं माझं करतायत, पण ते पदवीचं होतं. खाली स्टुडिओ, वर घर. अकरा वर्षं मी सोळा पायऱ्या उतरून कामाला जाते आणि सोळा पायऱ्या चढून घरी येते. आमच्या धाकटीला पावसातसुद्धा छत्री लागत नाही, असं जाऊबाई येईल त्याला सांगतात. खालच्या खोलीला एक खिडकी आहे, ती शेजारच्या भिंतीकडे उघडते. म्हणजे अर्धीच उघडते, मग भिंतीला लागते.

तर या अकरा वर्षांत मी पहिल्यांदाच घरात कोणाला न विचारता एक अर्ज केला होता. बसने सात तासांवर एक कचेरी आहे, तिथे शाळेच्या पुस्तकांतली चित्रं तयार होतात. जागा एकच होती. मला बोलावलं, माझ्याकडून एक बेडूक आणि एक पाणचक्की काढून घेतली आणि पंधरा दिवसांनी पत्र आलं की रुजू व्हा. मी ते पत्र न्हाणीघरात जाऊन तीनदा वाचलं. नवरा औषधांच्या गोदामात हिशेबनीस आहे, त्याला तिकडेही काम मिळण्यासारखं होतं. तो म्हणाला, जाऊ या की, फक्त दादाला तू सांग. माझा नवरा भला आहे. पण दादासमोर उभा राहिला की त्याची वाचाच बसते.

मग मीच सांगितलं. भाऊजी बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, घोरपड तेवढी संपव, मग जा. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. मी हो म्हणाले. तिथेच माझं घोडं अडलं, कारण घोरपड संपेचना.

कंपनीच्या प्रसिद्धी खात्याचे एक साहेब होते. फार गोड माणूस. आले की चहा घ्यायचे, पोस्टरसमोर उभे राहायचे, वा वा म्हणायचे आणि मग म्हणायचे, फक्त एकच छोटीशी गोष्ट. पहिली छोटीशी गोष्ट म्हणजे मागे डोंगर हवेत. दुसरी, डोंगर नकोत, गाडी लहान दिसते. तिसरी, प्रत्येक गाडीत ड्रायव्हर हवा, नाहीतर गाड्या भंगारात उभ्या असल्यासारख्या वाटतात. मी आठ ड्रायव्हर काढले, नुसत्या काळ्या आकृत्या, टोपी घातलेल्या. आणि चौथी छोटीशी गोष्ट अशी की तोपर्यंत सगळ्या गाड्यांची तोंडं डावीकडे होती, आणि साहेबांच्या वरच्या कोणा उंटावरच्या शहाण्याने सांगितलं की डावीकडे जाणारी गाडी मागे चालल्यासारखी दिसते. प्रगती उजवीकडे जाते. तेव्हा सगळ्या उजवीकडे वळवा.

ऐकणाऱ्याला वाटेल, त्यात काय, कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं की चित्र आरशातल्यासारखं उलटं होतं. होतं ना. आमच्या धंद्यातलं ते सगळ्यात सोपं पाप आहे. पण गाडीला दोन बाजू असतात आणि त्या सारख्या नसतात. डिझेलचं झाकण एकीकडे, धुराचं नळकांडं दुसरीकडे, ड्रायव्हर एका बाजूला. उलटवलेली गाडी ही जगात कधी बनलीच नाही अशी गाडी असते. कारखान्यातल्या कोणी बघितलं तर पहिल्या फटक्यात सांगेल. म्हणून मी सगळ्या गाड्या उजव्या बाजूने परत काढायला घेतल्या, पहिल्या चाकापासून.

यात महिना गेला. कचेरीकडे मी एकदा मुदत मागितली, मिळाली. दुसऱ्यांदा मागितली, तीही मिळाली, पण पत्रात एक ओळ जास्त होती. येत्या सोमवारी सकाळी दहापर्यंत रुजू न झाल्यास यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावण्यात येईल. ती ओळ मला पाठ झाली होती. पोळ्या लाटताना सुद्धा पुढचा उमेदवार डोळ्यांसमोर यायचा. मी त्याला पुरुष ठरवला होता, बारीक मिशीचा, आणि त्याचा बेडूक माझ्यापेक्षा वाईट होता.

इथे आमच्या स्टुडिओची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. गिऱ्हाइकासमोर मालक चुकत नाही. हे भाऊजींनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं, आणि वाईट बुद्धीने नाही. मालक चुकला तर काम जातं. हाताखालचं माणूस चुकलं तर मालक रागावतो, गिऱ्हाईकच मग जाऊ द्या हो म्हणतं आणि काम टिकतं. मला ते पटलं होतं. त्यामुळे गिऱ्हाइकाचा आवाज जरा चढला की मी म्हणायचे, माझी चूक झाली, बघून घेते. अक्षर भाऊजींनी चुकवलेलं असो, कागद छापखान्याने वाकडा कापलेला असो, चूक माझी. एकदा वीज गेली तेव्हाही मी तेच म्हणाले आणि साहेब हसले. वर जेवताना आमटीत मीठ जास्त पडलं तरी माझ्या तोंडून तेच निघतं, मग ती आमटी जाऊबाईंनी केलेली का असेना. नवरा एकदा म्हणाला, तू झोपेत पण चूक कबूल करतेस. मी त्याला म्हटलं, जागेपणी तू एकदा कर, मग मी झोपेन.

तर शेवटचा आठवडा. सात गाड्या उजव्या बाजूने झाल्या होत्या. राहिली होती तिसरी. तिचा कंपनीकडे एकच फोटो होता, तोही डाव्या बाजूचा. उजव्या बाजूचा कुठेच नव्हता. कारखान्यातून जुने नकाशे मागवून तिच्यावर मी दोन दिवस बसणार होते. पण गुरुवारी मला नोकरीसाठी डॉक्टरी तपासणीचा दाखला आणायला जावं लागलं, आणि दाखला देणाऱ्या डॉक्टरांना चारपर्यंत वेळ मिळाला नाही. तिथल्या बाकावर बसून मी नुसती घड्याळ बघत होते.

साडेपाचला परत आले तर भाऊजी माझ्या खुर्चीत. भाऊजी सहा वर्षांत त्या खुर्चीत बसले नव्हते. हात कापायला लागल्यापासून ते गिऱ्हाईक बघायचे, प्रुफं वाचायचे, छापखान्यात जायचे, पण रेघ काही ओढली नव्हती. माऊस ते अजून पेन्सिलीसारखा चिमटीत धरतात. पडद्यावर तिसरी घोरपड तयार होती. टोपीवाला ड्रायव्हर आत बसलेला. मी दारातच उभी राहिले.

ते उठले, कंबर धरून, आणि म्हणाले, "झाली तुझी तिसरी. आता जा बाई, सुखाने जा."

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. महिनाभर मी मनात या माणसाला काय काय म्हणत होते. मला वाटत होतं की साहेबांच्या छोट्या छोट्या गोष्टी त्यांनाच हव्या आहेत. आणि इथे ते दिवसभर कापत्या हाताने माझी सुटका काढत बसले होते. मी वाकून नमस्कारच करणार होते, पण त्यांना असलं आवडत नाही. रेघ त्यांचीच होती, लगेच ओळखू आली, फलकावरच्यासारखी जाड आणि ठाम. मी रेघ बघितली आणि गाडी बघितली नाही. पाच मिनिटं बघितलं असतं तर कळलं असतं. पण ज्याने आपल्यासाठी एवढं केलं त्याचं काम त्याच्यासमोर तपासायला बसायचं, हे माझ्याच्याने झालं नाही.

शुक्रवारी मी आठही गाड्या ओळीत बसवल्या, खाली वर्षं घातली आणि मोठा नमुना छापून भिंतीला लावला. रविवारच्या संध्याकाळच्या बसची दोन तिकिटं नवऱ्याने आणली. तो मला सोडून, एक दिवस राहून परत येणार होता. बॅग पलंगावर उघडी होती आणि तो तिच्यात सारखं काहीतरी ठेवत होता आणि काढत होता.

शनिवारी सकाळी साहेब आले आणि बरोबर एक म्हातारे गृहस्थ. कारखान्यातले जुने टेस्ट ड्रायव्हर. नवीन गाडी विकायच्या आधी ती डोंगरावर नेऊन मुद्दाम आपटायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आठपैकी सहा मॉडेलं त्यांनी स्वतः चालवली होती. साहेब म्हणाले, यांनी एकदा नजर टाकली की झालं, सही करून टाकतो. भाऊजी खूश होते. मी चहा आणेपर्यंत त्यांनी साहेबांना सांगूनही टाकलं होतं की मी आता जाणार, मोठ्या कामावर जाणार. त्यांच्या आवाजात अभिमान होता. मी तो दाराबाहेर ट्रे घेऊन उभी राहून ऐकला.

म्हातारेबुवा पोस्टरसमोर गेले आणि एकेक गाडी बोटाने बघू लागले. बोट कागदाला लावत नव्हते, अर्ध्या इंचावरून फिरवत होते. पहिली. दुसरी. तिसरीला बोट थांबलं. मग ते जरा मागे झाले, परत पुढे गेले, आणि माझ्याकडे वळून अगदी साधेपणाने विचारलं,

"हा माणूस आत कुठून बसला?"

कोणाला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. तिसऱ्या घोरपडीला दार एकच होतं, उजवीकडे, ड्रायव्हरचं. डाव्या अंगाला दार नव्हतंच, तिथे स्टेपनी टांगलेली असायची, कारण मागे जागा नव्हती. पुढे चौथ्यात ती मागे गेली आणि दुसरं दार आलं. पण ही गाडी उजव्या बाजूने दिसतेय आणि इथे तर स्टेपनी आहे. दार कुठे आहे? ते म्हणाले, मी या गाडीत चार वर्षं बसलो, एकदा ओढ्यात कलंडलो तेव्हा याच दाराने बाहेर पडलो, हे दार नसतं तर आज इथे नसतो. असं म्हणून त्यांनी त्या काळ्या टोपीवाल्याकडे बघितलं, त्याची काळजी वाटल्यासारखं.

मला एका क्षणात सगळं दिसलं. भाऊजींनी फोटोवरून डावी बाजू काढली आणि बटण दाबलं. चष्म्याआडून त्यांना गाडी दिसली, दार दिसलं नाही.

साहेब आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की हे पोस्टर कारखान्याच्या प्रत्येक दालनात लागणार होतं, आणि कारखान्यात अशी म्हातारी माणसं पुष्कळ होती. हसू गेलं. "हे काढलं कोणी?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण चढायच्या बेतात होता.

भाऊजी पोस्टरकडे बघत होते. त्यांना कळलं होतं. कानापर्यंत लाल झाले होते. त्यांनी चष्मा काढला, परत घातला, साहेबांकडे वळले आणि तोंड उघडलं. मी शपथेवर सांगेन, त्यांनी तोंड उघडलं होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं. दोन श्वास. बाकी काही नाही. अकरा वर्षांत मला पहिल्यांदा काहीच न करण्याचं काम होतं.

आणि मी म्हणाले, "माझी चूक झाली. बघून घेते."

मी म्हणाले असं तरी कसं म्हणू. ते निघून गेलं. शिंक यावी तसं. पुढचे दोन शब्दही मागोमाग गेले, मी त्यांना धरू शकले नाही.

साहेबांचा चेहरा लगेच सैल झाला. जाऊ द्या हो, होतं असं, माणूसच आहे. तिसरी तेवढी नीट काढून बुधवारी द्या, गुरुवारी छपाई. आणि आठवण झाल्यासारखं म्हणाले, जायचं जरा पुढे ढकलावं लागेल, नाही का, पण तेवढं चालेल ना. मी मान हलवली. भाऊजींचं तोंड मिटलं होतं. म्हातारेबुवा जाताना मला हळूच म्हणाले, उजवी बाजू मला पाठ आहे पोरी, अडलीस तर ये. त्यांना नकाशे कशाला हवेत, दार त्यांच्या हाताला आठवत होतं.

दोघं गेले. खोलीत आम्ही दोघंच उरलो आणि भिंतीवर आठ घोरपडी. वरून नवऱ्याच्या चपलांचा आवाज येत होता, कपाटाकडून बॅगेकडे, बॅगेकडून कपाटाकडे. मी खुर्ची ओढून बसले.

"भाऊजी, तुम्ही बोलणार होतात?" मी विचारलं.

"हो."

"मग थांबलात का?"

खोटं बोलता आलं असतं त्यांना, तू मध्येच बोललीस असं म्हणता आलं असतं, ते खरंही होतं. पण भाऊजी खोटारडे नाहीत, हीच तर पंचाईत आहे.

"तू बोलशील असं वाटलं," ते म्हणाले.

मला राग आला. असा राग मला कधी आला नव्हता, आणि त्यांचाच नव्हे, माझ्या स्वतःच्या जिभेचासुद्धा. मी त्यांना पहिल्यांदाच जे होतं ते सगळं तोंडावर सांगितलं. की सोमवारी दहा वाजता मी तिथे नसले तर ती जागा गेली. की माझं वय एकोणचाळीस आहे आणि अशी जागा परत निघायला दहा वर्षं लागतील. की मला या खोलीत गुदमरायला होतं, भिंतीकडे उघडणाऱ्या त्या खिडकीने मला वेड लागायची पाळी आलीय. ते ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी डोळे पुसले. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून अजून राग आला.

मग ते ताठ बसले. म्हणाले, आत्ता फोन करतो. तुझ्यासमोर. सांगतो, गाडी मी काढली, चूक माझी, ती उद्या जाणार. तिसरी मी नकाशावरून काढीन, म्हातारेबुवांना समोर बसवून काढीन, आठ दिवस लागू देत नाहीतर काम जाऊ दे. काम जाऊ दे असं भाऊजींच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला, आणि त्यांना कमी ऐकू येतं म्हणून नेहमीसारखं स्पीकरचं बटण दाबून टेबलावर ठेवला. मी तोंडावर हात ठेवला. खरोखरच ठेवला, दोन्ही हात.

साहेबांनी फोन उचलला, गाडीतच होते. भाऊजी म्हणाले, "साहेब, त्या चुकीचं बोलायचं होतं जरा."

"अहो सोडा हो ते," साहेब म्हणाले. "आम्ही आत्ता तेच बोलत होतो. आमच्या खात्यात बारा माणसं आहेत, एक जण कधी कबूल करत नाही. तुमच्या भावजयीने एका क्षणात स्वतःवर घेतलं. अशी माणसं मिळत नाहीत बघा. जाऊबिऊ देऊ नका तिला."

भाऊजींनी श्वास घेतला. मी बघत होते. श्वास आत गेला आणि तिथेच राहिला.

"छे छे," ते म्हणाले. "कुठे जाऊ देतोय."

साहेब हसले आणि फोन बंद झाला. भाऊजी फोनकडे बघत बसले, आपण काय बोललो ते त्यांना आत्ता ऐकू आल्यासारखे. परत लावता आला असता. नंबर समोरच होता. मी तोंडावरचे हात काढले नाहीत. मी थांबले होते, या वेळी खरंच थांबले होते, त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून.

तेवढ्यात जिन्याच्या वरच्या पायरीवरून नवऱ्याने हाक मारली. तिकडे थंडी असते म्हणतात, स्वेटर घेऊ का, एक का दोन. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांच्या चेहऱ्यावर लाज होती आणि लाजेच्या खाली, दिसू नये इतपत, हायसं वाटलेलं होतं. नवऱ्याने परत विचारलं. कोणीतरी उत्तर द्यायला हवं होतं. मी वाट बघितली. घड्याळात पूर्ण मिनिटभर बघितली.

मग मीच वर बघून सांगितलं, "राहू दे. सगळंच काढून कपाटात ठेव."